मोरीच्या पुढचं

जयगडच्या खाडीकाठी, कोळंबी सोलायच्या शेडमागे
तीन हौद आहेत, जांभ्याचे.
पहिल्याचं झाकण यास्मिन मुकादमच उघडते,
ओढणी नाकाला न लावता.
म्हणते, आंबूस वास चालेल,
कुजका आला तर मला उठवा.

दुसऱ्यात खडी नाही. खडीला पैसे नव्हते.
वाडीने वर्षभर तिसऱ्यांची टरफलं जमवली,
घराघरांतून, वलीम्याच्या जेवणातून,
आणि अर्थात गटारीच्या रात्रीतून.
आपण खाल्लेल्याच्या कवचांतून
आपलंच खरकटं पाणी जातं,
इतकं हळू, की
पाहत बसलं तर काहीच होत नाही.

वर कर्दळ. लाल, थोडी पिवळी.
मुळांना काय चिकटलंय ते दिसत नाही.
यास्मिन त्यांना बिऱ्हाडकरू म्हणते.
भाडं वेळेवर देतात, भांडत नाहीत,
फक्त फिनेल ओतू नका त्यांच्या अंगावर.

तिसऱ्यात गप्पी मासे, गोगलगायी,
एक बेडूक, जो कुणी आणला नव्हता.

पहिल्या वर्षी ओक भटजी म्हणाले,
या पाण्यावरचा नारळ देवाला चालायचा नाही.
कुणी वाद घातला नाही.
माड ऐकण्यातले नव्हते.
वैशाखात विहिरी मचूळ झाल्या,
तेव्हा हिरवे राहिले ते एवढे अकरा.

काल भटजींची सून आली,
शहाळं मागितलं, तापासाठी, हलक्या आवाजात.
यास्मिनने दोन उतरवून दिली.
पैसे नको म्हणाली.
सोडणं तेवढी परत आणा,
पहिल्या हौदाच्या तोंडाला लागतात.