ग्रासियास

मॉन्टेव्हिडिओच्या बस डेपोत
मी फाटक्या सीटा शिवते.
रेग्झिनमध्ये दाभण खुपसताना कुणाशी बोलावं लागत नाही,
म्हणून तर हे काम धरलं होतं.

पण अकराला भोंगा होतो
आणि टायरांच्या ढिगाजवळ सगळे गोल बसतात.
मधे मिल्टन. काखेत थर्मास,
हातात भोपळ्याचा तुंबा, तुंब्यात येर्बाचा हिरवा चोथा,
चोथ्यात खोचलेली नळी.
एकच तुंबा, एकच नळी, नऊ तोंडं.
तुंबा फिरतो तशा गोष्टीही फिरतात:
कुणाचा मेहुणा बुडाला कर्जात,
रविवारी पेनल्टी कुणी घालवली.

आमच्याकडे रीत अशी
की तुंबा परत देताना 'ग्रासियास' म्हटलं
तर ते नुसते आभार नसतात.
त्याचा अर्थ: पुरे, आता मला वगळा.
परदेशी माणूस इथंच फसतो.
मी फसत नव्हते.
पहिल्याच तुंब्याला तो शब्द टाकायची
आणि सुटायची.
चार वर्षं मी एका सभ्य शब्दाच्या
मागच्या दारानं पळत होते.

तयारी करत नव्हते असं नाही.
रात्री तिकिटांच्या जुन्या रिळांवर वाक्यं लिहायची:
'नदीवरून काय वारा सुटला होता काल!'
आरशापुढे म्हणायची, उद्गारचिन्हासकट.
सकाळी वाऱ्याचा विषय निघायचाही,
मी खिशातलं वाक्य चाचपायची, श्वास घ्यायची,
तोवर ते पोचलेले असायचे
ओफेलियाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपर्यंत.
गुडघ्यावर माझ्याकडे काही लिहिलेलं नव्हतं.

मग जुलैतली ती सकाळ, हाडं गोठवणारी.
मिल्टननं पाणी चक्क उकळून आणलं.
मी घाईनं ओढलं
आणि जीभ अशी पोळली
की 'ग्रासियास' बाहेर येईचना.
रिकामा तुंबा मुकाट्यानं परत दिला.
झालं! फेरी फिरून तो पुन्हा माझ्यापुढे हजर.

दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात म्हणे.
माझं उलटं झालं.
न लिहिलेलं, न घोकलेलं, बोबडं
काहीतरी तोंडातून निसटलं:
'मिल्टन, हे पाणी आहे की शिक्षा?'

शांतता.
कुणाच्या तरी नळीची शेवटची गुरगुर तेवढी.
माझे कान तापले, पायाखालचा नट मी उगाच मोजत बसले,
एकच होता.
मग ओफेलिया हसली, पोट धरून,
'नऊ वर्षं! नऊ वर्षं माझी टाळू सोलतेय हा,
आणि कुणी ब्र काढला नाही!'

म्हणजे तुम्हीसुद्धा?
या एवढ्या बोलघेवड्यांच्या तोंडातही
एक न बोललेलं वाक्य
इतकी वर्षं भाजत पडलं होतं?

मी काही फर्डी वक्ती झाले नाही त्यानंतर.
फोन वाजला की अजून घाम फुटतो.
बोलता बोलता गाडी रुळावरून घसरते,
माझं अर्धं वाक्य दुसरंच कुणी पूर्ण करतं,
चुकीचं,
आणि मी ते तसंच राहू देते.
रिळं संपली. नवी आणली नाहीत.

काल बसधुलाईला नवा पोरगा आला, एलाद्यो.
टोपी चुरगाळत कडेला उभा.
एक तुंबा कसाबसा संपवला, आणि कुजबुजला,
'ग्रासियास.'
मिल्टन त्याला ओलांडून पुढं जाणार, तेवढ्यात
मी म्हटलं, 'मला काही ऐकू आलं नाही बाबा.
तुला आलं?'

मिल्टननं थर्मास कलता केला.
'छे,' म्हणाला, 'वारा फार आहे.'