घर क्रमांक सात

वाळपईहून सुटणारी बस जिथे वळून परत फिरते
तिथून पुढे माझा गट.
दोन ओहोळ, एक डुगडुगता साकव,
मग सडा: जांभा दगड, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखा,
आणि त्याच्या पलीकडे, गोवा जिथे डोंगराला पाठ टेकून संपतो,
कोंडेवळ.
तालुक्याच्या नकाशात या नावाची अक्षरं
नदीच्या निळ्या रेघेवर चढली आहेत.
कुणीतरी घाईत लिहिलं असणार.

पिशवीत अर्ज, खडू, दोन पेनं, कातऱ्याचे पाव.
वाट दाखवायला जानगो झोरे,
जो दर शंभर पावलांवर थांबतो.
“हांगा बिरो. हांगा पिंगळ्यांच्यो तीन चुली.”
मला दिसतं जोतं, जोत्यातून वर आलेला कुंभा,
अर्धं मातीत गेलेलं जातं.
‘होतं’ असा रकाना माझ्या अर्जात नाही.

घर एक. नवरा, बायको, म्हशी अकरा.
म्हशी लिहीत नाहीत म्हटल्यावर बाई हसली,
मग आमचं लिहिणार तरी काय, मास्तरणी?

घर दोन. कुलूप. किल्लीच्या भोकात
कुंभारमाशीने मातीची खोली बांधली आहे.
घर तीन. कुलूप. डिचोलीला असतात, शिगम्याला येतात.

घर चार. धुळू, एकटा. वय?
“फिरंगी पोलीस वाट चुकून आमच्या गोठ्यात निजले
तेव्हा मी आईच्या पाठीवर होतो.”
मी लिहिलं अडुसष्ट.
तो आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला,
आपला फोटो बघावा तसा.

घर पाच गुरांमागे घाट चढून गेलं होतं.
वर दुसरं राज्य, दुसरे मास्तर, दुसरे अर्ज.
आज रात्री निजणार कुठे? मी ओरडून विचारलं.
गुरं बसतील तिथे, असं काहीसं
वरून खाली आलं.

घर सहा. आजोबा, आई, शेवंती, वय नऊ.
शाळा?
बंद. पट एकचा होता.
बंद शाळांच्या यादीची स्वच्छ प्रत
तीन वर्षांपूर्वी मीच काढली होती,
माझं अक्षर चांगलं म्हणून.
शेवंतीने माझा खडू मागितला. मी तुकडा मोडून दिला.

दगडावर बसून भागाकार केला:
चौरस किलोमीटरला पावणेतीन माणसं.
“पाऊण कोण?” जानग्याने विचारलं,
आणि माझ्याआधी तोच म्हणाला,
“मीच असेन. महिन्यातले आठ दिवस
म्हापशात असतो कामाला.”

परतताना माट्टीच्या झाडाखाली चार खांब, वर पत्रे,
आत रोयण, माणसाहून उंच,
अंगावर हळदकुंकू, गळ्यात अबोलीचा सुकला वळेसर.
“सातेरी,” म्हणत त्याने चपला काढल्या.
छप्पर असेल तर नंबर द्यावा लागतो.
मी खांबावर खडूने लिहिलं: सात.
वापर: पूजास्थान. राहणारी माणसं: शून्य.

घर एकची बाई मागून ताक घेऊन आली होती.
तिने शून्य वाचलं की नाही, माहीत नाही.
नुसतं बोट दाखवलं वर,
टोकाशी मातीचा नवा थर, आजचाच, ओला,
आणि एका भेगेतून आत-बाहेर, आत-बाहेर
कामाची अखंड रांग.
“गेल्या साली माझ्या खांद्याला लागत होती.
आमच्यात वाढतं घर हे एवढंच गो, बाय.”

मी ताक प्यायले.
खाडाखोड केलेला अर्ज वरून परत येतो,
म्हणून शून्य तसंच ठेवलं.

साडेचारची बस. खिडकीबाहेर सडा मागे जात होता.
कंडक्टरने विचारलं, किती जण?
एवढ्या साध्या प्रश्नाला
मला थोडा वेळ लागला.