तीन आठवड्यांपुरती

होडी तीन आठवड्यांपुरती ठेवतो, म्हणाला.
योरिस. बेल्जियमचा. बहिणीचं ऑपरेशन होतं.
ग्रे टिकलमध्ये तेव्हा आम्ही तेवीस माणसं,
आणि धक्क्यावर जागा विचाराल तर भरपूर.
क्लेटनची बोट लागायची तिथंच लाव, म्हटलं,
त्या खुंट्याला अजून त्याच्या दोराची खाच आहे.

बुधवारच्या फेरीबोटीनं गेला.
जाताना वहीचा कागद दिला, चार घड्या घातलेला:
तळातलं पाणी दर रविवारी उपसणे.
दोर घासतो तिथं फडकं गुंडाळणे.
वारा नैर्ऋत्येचा असला तर आणखी दोन दोर.
संडासाची झडप बंद आहे, उघडू नये.
बटाटे खाऊन टाका.

बटाटे खाल्ले.

सप्टेंबर गेला. ऑक्टोबर.
फोनवर म्हणाला, बहीण अजून चालत नाही.
म्हटलं, होडी तरी कुठं चालतेय, बसल्यात दोघी.
हसला. मग बराच वेळ तारेत नुसता समुद्र.

प्रार्थना आटोपली की मी उतरायचे तिच्यात,
पायांत चर्चचेच बूट, अंगावर क्लेटनचा मेणकापडी कोट.
पंपाचे चाळीस हात. पावसानंतर साठ.
बर्फ पडला की आधी फावडं.
आत परक्याच्या घरात आल्यासारखं वाटायचं:
एकुलता एक मोजा, मिठाची ओलावलेली बरणी,
नकाशावर आमच्या खाडीत पेन्सिलीचं बारीक प्रश्नचिन्ह.
खोली विचारली असेल.
मी शेजारी लिहून ठेवलं:
चार वाव. तळ चिखलाचा. नांगर धरतो.

तात्पुरतं म्हणजे काय ते आम्हाला नका सांगू.
रँडल आल्बर्टाला गेला तो दोन हिवाळ्यांपुरता,
त्याची मुलगी तिथं आता गाडी चालवते.
शाळेतली बाई परीक्षेपुरती आली,
परीक्षेला बसायला पोरंच उरली नाहीत.
सासू बेटावरून इकडे आली तेव्हा
तिकडच्या शेगडीवर किटली भरून ठेवून आली होती.
मरेपर्यंत नवी घेऊ दिली नाही.

फेब्रुवारीत मतदान झालं.
गाव सोडायला सरकार पैसे देतं, सगळ्यांनी मिळून सोडलं तर.
एकवीस हो, दोन नाही.
मी हो म्हटलं. गुडघे. डॉक्टर साडेचार तासांवर.
त्या रविवारी पंपाचे हात मोजायचे राहिले,
पाणी संपलं तरी उपसत होते.
ज्या दोघांनी नाही म्हटलं
ते सगळ्यांच्या आधी गेले.

योरिसची बहीण मार्चमध्ये वारली.
मेमध्ये येतो म्हणाला.
जूनमध्ये फोन केला तेव्हाही मेमध्येच येतो म्हणाला,
मी दुरुस्त केलं नाही.

एकतीस ऑगस्टला वीज तोडणार.
शेवटची फेरीबोट त्याच दिवशी, दुपारी दोनला.
काल तिला सहा दोर लावले,
नाळ फिरवून समुद्राकडे करून ठेवली,
एकट्या माणसाला निघायला सोपं पडतं.
किल्ली चहाच्या डब्यात.
डब्याखाली वहीचा कागद, चार घड्या घालून:

योरिस,
खुंट्यावर आता दोन खाचा आहेत, उजवीकडची तुझी.
माझ्या मागच्या दाराला कुलूप नाही, जोरात ढकलणे.
क्लेटनच्या थडग्याचं कुंपण वाऱ्यानं कलतं,
जमलं तर सरळ करणे.
तळघराची खिडकी बंद आहे, उघडू नये.
मागच्या वाफ्यात बटाटे लावलेत,
का लावलेत विचारू नकोस, जूनमध्ये लावतात म्हणून लावले.
सप्टेंबरअखेर तयार होतील.
खाऊन टाक.

मेल्विना