तिसरा हात

भिंतीला दोन हात मारून झाले
की घरमालकाचं काम संपतं.
पडदे कधी लावू, हे तो तीनदा विचारतो,
पंखा फुल्ल करतो आणि खाली निघून जातो.
आमचं तिथून सुरू होतं,
घणसोलीत, सेक्टर सातच्या मागच्या बाल्कनीत,
जिथे नळ आहे
आणि सोसायटीच्या सेक्रेटरीची नजर नाही.

"तिसरा हात ब्रशचा," अण्णा खरटमल म्हणायचे
आणि उपड्या बादलीवर बसायचे,
चार इंची ब्रश गुडघ्यांत धरून,
लेकराच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तसे.

आधी पुसायचं, मग धुवायचं.
एवढं कळायला मला दीड वर्ष लागलं.
डब्याच्या काठावर दाबून रंग परत डब्यात,
मग रद्दीवर, निवडणुकीला उभ्या चेहऱ्यांवर,
ब्रश कोरडा खरवडेपर्यंत.
मगच पाणी. तेलाच्या रंगाला टर्पेंटाइन, तेही बेतानं.
"बापाची विहीर आहे का तुझ्या, टर्पेंटाइनची?"
बरणीतलं गढूळ सकाळपर्यंत निवळायचं,
वरचं नितळ दुसऱ्या बरणीत,
खालचा गाळ कागदात बांधून.
एकदा म्हटलं, खाडी जवळच आहे, ओतून येऊ?
अण्णा हसले नाहीत.
"तिथली पाखरं आधीच गुलाबी आहेत, निर्मळे.
त्यांना तुझा हात नको."

मग फणी, बायकोची जुनी, चार दात पडलेली.
रोलर पुट्टीच्या पट्टीनं ओरपायचा,
कितीही पिळा, तिसऱ्या बादलीपर्यंत
तो खोटंच बोलतो.

शेवटी गाल.
धुतलेला ब्रश अण्णा स्वतःच्या गालावरून फिरवायचे,
डोळे मिटून.
"अजून आहे."
मला तर काहीच दिसायचं नाही.
मी पुन्हा नळाखाली.

एकदाच चुकले.
भाऊ रिक्षातून पडला म्हणून कळव्याच्या हॉस्पिटलात पळाले,
ऑइल पेंटचा ब्रश खिडकीत राहिला.
तीन दिवसांनी आले तर लाकूड.
अण्णांनी आधी भावाची चौकशी केली.
मग ब्रश फरशीवर आपटला. टक्.
"केस आहेत, पण ऐकत नाहीत."
दांड्याच्या भोकातून तार ओवून
थिनरमध्ये लोंबता सोडला.
केसांवर उभा करायचा नाही, मान मोडते.
पाच दिवसांत कडा सुटल्या,
पोट मात्र सुटलं नाही.
तो ब्रश आता कोपऱ्यांतली जळमटं काढतो.
टाकला नाही.

मागच्या पौषात अण्णांचा उजवा हात गेला.
गेला म्हणजे आहे, मांडीवरच आहे,
पण ऐकत नाही.
रबाळ्यातल्या त्यांच्या खोलीत संध्याकाळी जाते.
कोमट पाण्याचं घमेलं मांडते,
बोटं एकेक करून उघडते.
करंगळी सुटली, अंगठा थोडा.
तळव्याचं मला ठाऊक आहे,
म्हणून बोलत नाही.
काकू खोबरेल तेलाची वाटी सरकवते,
ब्रशलाही आम्ही तेच लावतो, पावसाळ्यात.

आज ऐरोलीचं काम उरकून आले.
पिशवीतला ब्रश कागदातून सोडवला,
रबर काढलं, केस सरळ केले.
अण्णांनी हात पुढे केला नाही.
गाल केला.
पांढरी खुंटं, चार दिवसांची.
कानापासून हनुवटीपर्यंत मी हळूच फिरवला.
त्यांनी डोळे मिटले.
खाली टँकर मागे घेत होते, कुणीतरी
येऊ दे, येऊ दे, ओरडत होतं.
मी थांबले.
जीभही जड झालीय आता, शब्द
डब्याच्या तळातून खरवडून काढावा लागतो.

"अ... अजून आहे."

उठले.
नळाला साडेसातपर्यंतच पाणी असतं.