नागोयाचा फोन

प्रणोतीने वापरून झालेला फोन पाठवला,
मोज्यात गुंडाळून. मोजाही तिचाच, डाव्या पायाचा.
नागोयाहून नागपूर.
नाग दोन्हीकडे आहे म्हटलं,
ओळख पटायला वेळ नाही लागणार.

बर्डीवर निखाडेने सिम घातलं, काढलं,
फुंकर मारून पुन्हा घातलं,
सेटिंगमध्ये कायकाय टाईप केलं
आणि चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला,
"काका, फोन एक नंबर आहे.
पण याले आपली हवा ओळखू येत नाही.
इंटरनेट धावन. कॉल नाही लागणार.
कंपनीच्या यादीत याचं नावच नाही नं."

एकतीस वर्षं मी लाइनमन होतो.
खांबावर चढून सांगायचो
कोणती तार जिवंत, कोणती मेलेली.
इथे तारच नाही.
टेस्टर लावू कुठे?

संध्याकाळी सहाला, तिच्याकडे साडेनऊ,
पोरगी दिसते.
भातावरची वाफ दिसते, मागे वाळत घातलेला टॉवेल,
हनुवटीवर नवीन फुटकुळी.
एवढा समुद्र ओलांडून ती स्वच्छ येते
आणि मानेवाड्याहून दादाचा फोन
झिंगाबाई टाकळीपर्यंत पोचत नाही.

दादाकडे बटनांचा फोन.
त्याला एक बाई सांगते,
मी संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे.
मी तेव्हा अंगणात
कूलरमध्ये पाणी भरत असतो.

तीन दिवस बाईने हेच सांगितलं.
चौथ्या दिवशी, मे महिन्याच्या भर दुपारी,
डोक्याला दुपट्टा, खिशात कांदा,
त्र्याहत्तर वर्षांचा माणूस
अख्खं शहर ओलांडून लुनावर दारात.
गाडी बंद न करताच ओरडला,
"जित्ता हायेस नं बे?"

मग बसला. माठातलं पाणी, दोन गिलास.
फोन हातात घेऊन उलटापालटा केला,
वजन पाहिल्यासारखा.
थांब, म्हटलं, फोटो काढतो तुझा.
या फोनचा तेवढा आवाज बंद होत नाही.
तिकडची रीत म्हणे,
फोटो काढला की सगळ्यांना कळलं पाहिजे.
खटॅक!
दादा दचकला. कांदा खिशातून पडला,
घरंगळत पलंगाखाली गेला.

प्रणोतीने लगेच लिहिलं,
मोठेबाबा किती काळे झाले हो.
ते मी वाचून दाखवलं नाही.

त्याच रात्री जुना फोन शोधला,
मागचं झाकण रबराने बांधलं, सिम त्यात टाकलं,
दादाला लावून पाहिला. लागला.
"हाव," म्हणाला, "आता येते आवाज."

पुढच्या बुधवारी लुना पुन्हा दारात.
"लागत नव्हता फोन," दादा म्हणाला.
फोन माझ्या खिशात होता,
सगळ्या कांड्या भरलेल्या.
मी माठाकडे गेलो.
परत आलो तर दादाने
कांदा आधीच काढून टेबलावर ठेवला होता
आणि दुपट्टा सोडून
केसांवरून ओला हात फिरवत बसला होता.