मानस

आमच्या जुव्यावर बांधाच्या दाराला मानस म्हणतात.
जाड लाकडी फळी, वर दगडी कमान,
भरतीला मिटते, ओहोटीला उघडते,
आणि ती नीट मिटली का, हे बघायला इनास.
माझा नवरा. अडतीस वर्षं.
इगर्जीच्या कॅलेंडरवर तो सणांच्या आधी
आवस-पुनव शोधतो.
त्यावरूनच आमचं पहिलं भांडण.

मी पिदाद. पहिल्या बाकावरची.
सासूने शिकवलं होतं तसं: चुलीआधी खुरीस,
कोंबडीचं पहिलं अंडं, भेंडीची पहिली तोड,
मुलाच्या पगारातली पहिली नोट,
सगळं आधी त्याचं, मग उरलं तर आपलं.
आमच्यात तर आभारसुद्धा देवापासून सुरू होतात,
देव बरें करूं म्हणतो आम्ही,
दुकानदाराने सुटे पैसे परत दिले तरी.

इनास देव बरें करूं म्हणतो, एवढंच.
संध्याकाळी तेर्स म्हणताना डुलक्या काढतो.
मानशीवर लागलेले पहिले शेवटे
रेजिनाच्या ओट्यावर ठेवून येतो, तिला कुणी नाही म्हणून,
आणि आधी इगर्जीत का नाही दिलेस विचारलं, तर
"देवाला काटे काढायला कुठे वेळ," म्हणतो.

कणसांच्या फेस्ताला यंदा
पहिला झुबका वेदीवर ठेवायचा मान आमच्या घराला.
मी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर घातला.
पहाटे शर्ट होता,
इनास नव्हता.

बाकावर माझ्या शेजारी एका शर्टाएवढी जागा.
लोक बघत होते. म्हणजे, लोक बघतायत का ते
मी बघत होते.
विगार म्हणाला, पहिलं ते त्याचं,
आणि मी इतक्या जोरात मान हलवली
की ती प्रार्थना नव्हती, तक्रार होती.

मीस संपल्यावर आशीर्वादाची कणसं मुठीत धरून
मी थेट बांधावर. शिव्या तयार होत्या,
वाटेत दोनदा म्हणून बघितल्या.

माडाचं एक खोड वाहून येऊन फळीत अडकलं होतं.
बाहेर आवशीची नदी चढत होती,
आत सगळ्या गावाचं भात, दुधावर आलेलं.
खारं पाणी एकदा शिरलं
की तीन वर्षं त्या मातीला भात आठवत नाही.
इनास छातीभर पाण्यात, पाठ फळीला,
लोखंडी कांब खोडाखाली.
"घंटा ऐकली," म्हणाला. "तिन्ही वेळा.
हात मोकळे नव्हते. डोकं वाकवलं."

तिथे डोकं वाकवलं
तर नदी ओठांना लागत असणार.

मी चपला काढल्या. फेस्ताचा झगा कमरेला खोचला,
कणसं बांधावर ठेवली
आणि कांबेच्या दुसऱ्या टोकाला लटकले.
तोंडातून शिव्याच आल्या, पण खोडाला.
खोड सुटलं अकराच्या सुमाराला.
मग पाण्याने फळी स्वतःच लोटली, हळू,
विगार शेवटी पुस्तक मिटतो तशी.

इतकी वर्षं मी देवाला पहिला बाक देत होते,
की त्याच्याकडून घेत होते?
इनासला विचारलं नाही. त्याला मी हे विचारलंच नसतं.
तो पायातल्या कालवांच्या जखमा धूत होता.

मराठी शाळेत चौथीपर्यंत गेले मी.
बाई म्हणायच्या, मानस म्हणजे मन.
मी हसले होते, आमच्याकडे ते लाकडाचं असतं म्हणून.

मी अजूनही पहिल्या बाकावरच बसते, गैरसमज नको.
फक्त घरातून निघण्याआधी
आवस कधी आहे ते बघते.

त्या दिवशी घरी आलो तर शर्ट तसाच,
खुर्चीवर, बाही दुमडून, वाट बघत.
अर्धी कणसं बांधावर चिमण्यांनी नेली होती.
उरलेल्यातलं एक
मी त्याच्या खिशात खोचलं.