टाकीची सावली

पहिला आला तो गाडीत बसूनच छपराकडे बघून गेला.
"पंचवीस वर्षांची हमी, मादाम."
कंपनी कधीची, विचारलं,
तर येत्या ऑगस्टात दोन वर्षांची होणार होती.
उरलेली तेवीस कोणाच्या खात्यावर, ते विचारायचं राहिलं;
कॅटलॉगवरची पोरगी मात्र फार गोड हसत होती.

दुसरा सलवाच्या भाच्याचा मित्र, म्हणजे घरचाच.
घरचा म्हणून स्वस्त, स्वस्त म्हणून घाईत.
बॅटरीवरचं लेबल एका कोपऱ्यात उचललेलं.
मी नखाने जरा ओढलं:
खाली आणखी एक लेबल, जुन्या तारखेचं.
"कारखान्यातली चूक," तो म्हणाला.
मी त्याला आणखी कॉफी वाढली.
नातं तोडायला बॅटरी पुरेशी नसते.

झाहलेत आम्ही किती वर्षं असेच जगतोय.
सरकारी वीज येते ती दूरच्या पाहुण्यासारखी,
न सांगता, आणि जेवायला थांबत नाही.
गल्लीच्या तोंडाशी अबू जिरियसचा जनरेटर,
पाच अँपिअर, बिल डॉलरात,
इस्त्री लावली की सगळं घर अंधारात,
आणि वाळत घातलेल्या चादरींना डिझेलचा वास.

शेजारच्या नाजीने उन्हाळ्यात घाई केली.
फेब्रुवारीच्या वाऱ्याने त्याची दोन पॅनेलं
कोणाच्या तरी द्राक्षमळ्यात नेऊन टाकली.
कंपनीला फोन लावला तर बाई सांगते,
हा क्रमांक वापरात नाही.
इतक्या शांतपणे सांगते, की तो तीनदा लावून बघतो.

तिसरा अंजारहून आला. होवसेप.
स्वतःची शिडी घेऊन.
कॉफी आधी नको म्हणाला.
वर गेला आणि बराच वेळ आवाजच नाही.
मला वाटलं, पडला की काय.
खाली येऊन विचारतो,
"डिसेंबरात दुपारी तीनला
पाण्याच्या टाकीची सावली कुठवर येते?"

एकतीस वर्षं मी भूगोल शिकवला.
अयनदिन, विषुवदिन, मकरवृत्त,
बॅटरीच्या उजेडात पृथ्वीचा गोल फिरवून दाखवला
शेकडो मुलांना.
आणि माझ्याच डोक्यावरच्या सावलीचा मला पत्ता नव्हता.

"मग बघून ठेवा," तो म्हणाला, "एकवीस तारखेनंतर येतो.
तोवर पैसे देऊ नका. कोणालाच."
जाताना तीन नंबर लिहून दिले, जुन्या गिऱ्हाइकांचे.
"यातला तिसरा माझ्यावर चिडलेला आहे. त्यालाही विचारा."

विचारलं.
तो दहा मिनिटं थांबलाच नाही:
महिनाभर उशीर केला, जिन्याचा रंग खरवडला,
माणूस घुम्या, धड बोलत नाही.
मी म्हटलं, आणि वीज?
"वीज आहे की! पाच वर्षं आहे. तिचा इथे काय संबंध?"

कपाटात खडूचा डबा होता, निवृत्तीच्या दिवशीचा.
नऊला एक रेघ. दहाला एक.
गुडघे कुरकुरतात, समोरच्या गच्चीवरची पोरं हसतात,
मी टाकीभोवती वाकून वाकून
दिवस काढून घेते, सिमेंटवर.
बाराला सावली आखडली,
दोनला अंग सैल केलं,
तीनला सरपटत गेली थेट तिथवर
जिथे पहिल्याने कागदावर चार पॅनेलं बसवली होती.

होवसेपने रेघा पाहिल्या.
काही बोलला नाही. टोपी मात्र काढली.
मग सगळं दोन मीटर पूर्वेला सरकवलं,
आणि आठाऐवजी सहाच लावली.

जानेवारीत, बर्फाच्या रात्री,
इन्व्हर्टर किंचाळायला लागला. साडेनऊ वाजलेले.
मी फोन लावला आणि डोळे मिटून
त्या शांत बाईची वाट बघत राहिले.

"बोला," तोंडात घास, मागे टीव्ही चालू.
"लाल दिवा? तो राहू दे, बॅटरी रिकामी झालीय.
सकाळी मऊ झाडू घ्या. गरम पाणी ओतू नका, काच तडकेल.
आणि एकट्या चढू नका, मी येतो."

सकाळी मी एकटीच चढले.
झाडूने बर्फ ओढला, धप्पदिशी खाली.
वाकून पाहिलं:
चौकटीच्या आडोशाला, जिथे पाऊस पोचला नाही,
तीनच्या रेघेचं टोक
अजून पांढरं होतं.